प्लास्टिकचे बेट नाही, आणि कृष्णाकाठ सुटलेलाही नाही

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा: पॅसिफिक महासागरात पाच महाराष्ट्र मावतील एवढे प्लास्टिकचे घट्ट बेट तयार झाले असून त्यावर माणूस चालू शकतो आणि ते उपग्रहातून दिसते, समुद्रातील नव्वद टक्के प्लास्टिक केवळ दहा नद्यांतून येते आणि त्यांत कृष्णा नाही, आपले प्लास्टिक कर्नाटकातील आलमट्टी धरणाच्या पुढे जात नाही, गेलेच, तर ऊन आणि खारे पाणी ते काही वर्षांत विरघळवून टाकते, तेव्हा कृष्णाकाठच्या माणसाने उगाच अपराधी वाटून घेऊ नये. यातील जवळजवळ प्रत्येक विधानात खऱ्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटते. त्यामुळे प्रत्येक विधान वेगळे तपासणे भाग आहे.

आधी बेट. कॅलिफोर्निया आणि हवाई बेटांच्या दरम्यान प्लास्टिक साचणारा एक प्रचंड पट्टा आहे, हे खरे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर धरले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ‘पाच महाराष्ट्र’ हा आकडा चुकीचा नाही. मात्र त्याच संशोधनात त्या पट्ट्यातील प्लास्टिकचे वजन सुमारे ७९ हजार टन आणि तुकड्यांची संख्या सुमारे १.८ लाख कोटी दिली आहे, आणि संदेशात नेमके हेच आकडे गाळले आहेत. भागाकार केला तर सरासरीने एकरी जेमतेम २०० ग्रॅम प्लास्टिक पडते आणि एका चौरस मीटरमध्ये एखादा तुकडा येतो. काही ठिकाणी दाटी याहून पुष्कळ जास्त असते, तरीही एकरी २०० ग्रॅमवर कोणी चालू शकत नाही. त्यातही तुकड्यांपैकी सुमारे ९४ टक्के तुकडे पाच मिलिमीटरहून लहान आहेत. जहाजाच्या कठड्यावरूनही ते सहसा नजरेस पडत नाहीत, मग उपग्रहाच्या साध्या छायाचित्रात कसे दिसतील? ‘बेटाचे छायाचित्र’ म्हणून जे चित्र वर्षानुवर्षे फिरते, ज्यात कचऱ्याच्या थरातून एक माणूस होडी हाकताना दिसतो, ते फिलिपिन्समधील मनिला बंदराचे आहे.

बेट नाही म्हटल्यावर काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळा प्रकारच थोतांड ठरवतात. हा निष्कर्ष पहिल्याइतकाच चुकीचा आहे. उष्ण कटिबंधात वारे पूर्वेकडून वाहतात, त्याच्या उत्तरेला पश्चिमेकडून. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थरातील पाणी वाऱ्याच्या सरळ दिशेत न जाता एकंदरीत त्याच्या उजवीकडे ढकलले जाते. स्वीडिश शास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये याचे गणित मांडले. त्यामुळे दक्षिणेकडचे पाणी उत्तरेला आणि उत्तरेकडचे पाणी दक्षिणेला सरकून मध्ये एकत्र येते. तेथे पाणी हळूहळू खाली उतरते, पण तरंगणारे प्लास्टिक खाली जाऊ शकत नाही आणि मागे उरते. पुराच्या पाण्यात दिसतो तसा गरगरणारा भोवरा तेथे नसतो. ही क्रिया संथ आहे, वर्षानुवर्षे चालते आणि जगात अशी पाच क्षेत्रे आहेत.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एका मालवाहू जहाजावरून कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे २८,८०० खेळणी, म्हणजे प्लास्टिकची बदके, कासवे, बेडूक आणि बीव्हर, पाण्यावर मोकळी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली. समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एब्समायर यांनी किनाऱ्यावर फिरणाऱ्या सामान्य लोकांकडून खेळणी सापडल्याच्या नोंदी गोळा केल्या आणि जेम्स इंग्रॅहम यांच्या संगणकीय प्रारूपाशी त्या ताडून पाहिल्या. अपघाताची जागा आणि वेळ माहीत असल्यामुळे प्रवाहांचा वेग आणि वाट तपासण्याची अशी संधी क्वचितच मिळते. माझ्या मते या विषयातील हे सर्वांत सुंदर काम आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने त्याचा उल्लेखही करू नये याचे वाईट वाटते.

आता दहा नद्या. २०१७ च्या एका अभ्यासात जगातील नद्यांमार्फत समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के वाटा दहा नद्यांचा असल्याचा अंदाज होता. तो नद्यांच्या वाट्यापुरता होता, समुद्रातील एकूण प्लास्टिकविषयी नव्हता. मासेमारीची जाळीच घ्या: पॅसिफिकच्या त्या पट्ट्यातील वजनात त्यांचा वाटा किमान ४६ टक्के आहे. पुढे २०२१ मध्ये अधिक तपशीलवार मोजणीतून दिसले, की नद्यांच्या वाट्यातील ८० टक्के प्लास्टिक एक हजाराहून अधिक नद्यांतून येते आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्याही मोठा भार उचलतात. दहाच नद्यांना दोष देऊन बाकीच्यांना मोकळे करण्याचा आधार त्यामुळे राहिलेला नाही.

आलमट्टीचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून आंध्रातील हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत आलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. कराडला प्रीतिसंगमावर किंवा सांगलीच्या घाटावर पाण्यात पडलेली पिशवी या सगळ्यांतून सहज पार होत नाही. मात्र ‘पुढे जात नाही’ याचा अर्थ ‘नाहीशी होते’ असा नव्हे. ती काठावरच्या झुडपांत, बंधाऱ्यांच्या गाळात आणि पूर ओसरल्यावर नदीकाठच्या मळीतल्या उसात राहते, आणि तेच पाणी पुढची गावे पितात. शिवाय अडलेले सगळे कायमचे अडत नाही. मँचेस्टरच्या परिसरातील नद्यांच्या तळाची पुरापूर्वी आणि पुरानंतर तपासणी केलेल्या २०१८ च्या अभ्यासात आढळले, की तळाशी साचलेल्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी सुमारे ७० टक्के पुराने वाहून नेले होते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना पुराच्या पाण्याची ताकद वेगळी सांगण्याची गरज नाही.

‘विरघळते’ या विधानाला लांब उत्तर नको. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन तुटते आणि तुकडे लहान होत जातात. साखरेसारखे ते पाण्यात विरघळत नाही. बाटलीचे पेट प्लास्टिक पाण्याहून जड असल्याने आत पाणी शिरले की बाटली बुडते. ती दिसेनाशी होते, एवढेच.

उरला शेवटचा प्रश्न: कृष्णेच्या मुखातून जे बाहेर पडते ते पॅसिफिकच्या त्या पट्ट्यात जाते का? बहुतांशी नाही, आणि यात समाधान मानण्यासारखे काही नाही. उत्तर हिंदी महासागरात मान्सूनबरोबर वारे उलटतात आणि प्रवाहही उलटतात, त्यामुळे तेथे कायमस्वरूपी साठवण क्षेत्र तयार होत नाही. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह फेब्रुवारी ते मे उत्तरेकडे, तर ऑक्टोबर ते डिसेंबर दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे पावसाळ्याअखेर समुद्रात पोहोचलेले प्लास्टिक आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत खाली सरकते आणि हिवाळी प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय भागापर्यंतही पोहोचू शकते. मात्र या पाण्यातील तरंगत्या प्लास्टिकचा बराचसा भाग एवढा प्रवास न करता आसपासच्याच किनाऱ्यांना लागतो, असे प्रवाहांची प्रारूपे सांगतात. आपला कचरा परक्या महासागरातील दूरच्या बेटावर जात नाही. तो हंसलदीवीच्या कोळ्याच्या जाळ्यात येतो.

म्हणून प्लास्टिक अडवायचे ते नाल्याच्या तोंडाशी, आणि मे महिन्यात. नालेसफाईत निघालेला गाळ आणि प्लास्टिक काठावरच ढीग करून ठेवण्याची पद्धत अनेक गावांत आहे. पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग जसाच्या तसा कृष्णेत जातो. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी आपल्या वॉर्डातला तो ढीग जूनपूर्वी उचलला जातो की नाही, एवढे एकदा स्वतः जाऊन पाहावे.