बांधीव चूल नसलेल्या घरांचं काय?

प्रत्येक प्राचीन ग्रीक घराच्या मधोमध हेस्टियाची (म्हणजे चुलीच्या देवीची) अखंड पेटती चूल असे, हे तुमच्या लेखातलं विधान फारच सरसकट वाटलं. इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिप राजाने ऑलिंथस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं. तिथल्या उत्खननात सापडलेल्या बहुतेक घरांत बांधीव चूल नाहीच! उचलून कुठेही नेता येणाऱ्या शेगडीवर काम भागत असावं. मग तान्ह्या बाळाला घेऊन चुलीभोवती फेरी घालायचा अँफिड्रोमियाचा विधी, किंवा नव्या नवरीवर (आणि हो, विकत आणलेल्या गुलामावरही) चुलीपाशी अंजीर-सुकामेवा उधळणं, हे अशा घरांत बहुधा त्या शेगडीपाशीच उरकत असतील.

आणि देवांचा राजा झ्यूस, त्याला का वगळलंत? कोठीत मालमत्ता राखणारा झ्यूस क्टेसिओस, अंगणात घराचं आवार राखणारा झ्यूस हर्केइओस, म्हणजे घरात त्याचा वावर हेस्टियापेक्षा कमी नव्हता. अथेन्समध्ये आर्कनपदासाठी (म्हणजे नगरराज्याच्या वरिष्ठ अधिकारपदासाठी) निवडलेल्या माणसाच्या चौकशीत आईवडील कोण, याबरोबर 'तुझा झ्यूस हर्केइओस (म्हणजे त्याचं पूजास्थान) आहे का, कुठे आहे?' हेही विचारत. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात हे आलंय. पुढच्या भागात यावर जरूर लिहा.