रेसवाल्यांची वकिली? नाही हो काका

काका, सत्तरी ओलांडली असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग नको. घोड्यांच्या रेसवरच्या टॅक्सबद्दलच्या माझ्या पोस्टवर तुमचं म्हणणं असं की मी रेसवाल्यांची वकिली करतोय, घोडा काय नि मटक्याचा आकडा काय जुगार तो जुगार, सरकारने टॅक्स वाढवला तर बरंच झालं. आधी माझी चूक. रेसच्या पैजेवरचा जीएसटी मी 28 टक्के लिहिला होता तो जुना, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 आहे, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

आता वकिलीचं. मी जन्मात पैजेचं एक तिकीट लावलेलं नाही, आपल्या इंदूरच्या रेसकोर्स रोडवर घोडा दिसला तर तो वरातीतला. पण माझे मामा हिवाळ्यात मुंबईला गेले की महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जायचेच, खिशात रेसचं पुस्तक, त्यात पेन्सिलीच्या खुणा, जॉकी कोण, वजन किती, मागच्या वेळी घोडा कितवा आला... आकडा लावणारा एवढा अभ्यास करतो का? (हरायचेही, मामी अजून ऐकवते.) आणि हे माझं डोकं नाही, तामिळनाडूने 1974 मध्ये रेस बंद करायचा कायदा केला, तो भांडत भांडत सुप्रीम कोर्टात गेला आणि 1996 ला कोर्टानेच सांगितलं की रेस हा कौशल्याचा खेळ आहे. तरी जीएसटीत बसवलंय कॅसिनोच्या पंगतीत.

टॅक्स घ्या ना, पण क्लबच्या कमिशनवर घ्या, इथे अख्ख्या तिकिटावर लागतो. टोटवर, म्हणजे क्लबच्या पैजेच्या खिडकीवर, जमलेल्या पैशातून क्लब आपला वाटा कापतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतो, त्यात वरून 40 टक्के, मग माणूस सरळ बुकीला फोन करतो, रोख व्यवहार, ना पावती ना टॅक्स. सरकारच्या हाती काय आलं?

आणि तुम्ही विचारता, बंदच का नाही करत? अहो करता येतं की! ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचं बिल ऑगस्ट 2025 मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पास झालं. इकडे मुंबईच्या रेसकोर्सचं लायसन्स मात्र अजून 1912 च्या कायद्यावर चाललंय. राज्यघटनेत सट्टा-जुगार राज्यांकडे, जीएसटी ठरवते केंद्र-राज्यांची मिळून असलेली कौन्सिल, त्यामुळे राज्य दिल्लीकडे बोट दाखवतं नि दिल्ली राज्याकडे. बंद करायचंय की चालवायचंय हे कुणी तोंडाने बोलतच नाही, टॅक्सचा आकडा तेवढा वाढतो.

तुमच्या ओळखीत कुणी आमदार-खासदार असेल तर विचारा बुवा एकदा. उत्तर आणलंत तर छप्पन दुकानला पोहे-जिलबी माझ्याकडून.