शेवाळ नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं असं, की सूक्ष्मशैवालांच्या विषांवर लिहून मी लोकांना उगाच घाबरवतो. खाण्याचं शेवाळ वेगळं, विषारी वेगळं. आणि उकळलं की विष जातंच. शिवाय तुम्ही तीन वर्षं स्पिरुलिना, म्हणजे खाण्याच्या नील-हरित शेवाळाची पावडर, घेताय, काही झालं नाही.

आधी माझी चूक. स्पिरुलिना स्वतः मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष बनवते असा अर्थ माझ्या एका वाक्यातून निघत होता. तो चुकीचाच होता. वाक्य बदललं आहे. हे विष मायक्रोसिस्टिस आणि इतर काही नील-हरित जिवाणूंचं (यांनाच नील-हरित शेवाळ म्हणतात). पण उघड्या पाण्यात ही मंडळी न बोलावता येतात. अमेरिकेत ऑरेगनमधल्या अप्पर क्लॅमथ तलावातून अफॅनिझोमेनॉन हे शेवाळ पूरक आहारासाठी काढतात. त्यात मायक्रोसिस्टिसची सरमिसळ सापडली, तेव्हा त्या राज्याला एका ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन अशी मर्यादा ठरवावी लागली.

उकळण्याचं मात्र मला मुळीच पटत नाही, आणि हा समज धोकादायक आहे म्हणून जरा जोर देऊन लिहितो. मायक्रोसिस्टिन उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात ते आढळलं, तेव्हा ‘पाणी पिऊ नका, उकळूही नका’ असंच लोकांना सांगावं लागलं.

शिंपल्यांत साठलेल्या विषाचंही तेच, तेही शिजवून जात नाही. १९८७ च्या अखेरीस कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, तिघं दगावली. शिंपले शिजवलेले होते. उलट्या, पोटदुखी इथवर नेहमीचं. पण काहींची स्मृती गेली, नवीन काही लक्षात राहीना. कारण निघालं डोमोइक आम्ल, स्यूडोनिट्झशिया या डायटम गटातल्या सूक्ष्मशैवालानं बनवलेलं. त्याची घडण मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप पोचवणाऱ्या द्रव्यासारखी असते. त्यामुळे ते चेतापेशींवरच्या ग्लुटामेटच्याच जागांवर (ग्राहींवर) जाऊन बसतं आणि चेतापेशींना इतकं उद्दीपित करतं की त्या मरतात. शिंपल्याला स्वतःला काही होत नाही. चव नाही, वास नाही, रंगही बदलत नाही.

आता तुमचं ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ शेवाळ. हेच डोमोइक आम्ल जपानमध्ये १९५८ साली कोंड्रिया या लाल समुद्री शेवाळात सापडलं होतं (ते सूक्ष्म नव्हे, डोळ्यांना दिसणारं). तिथे ते शेवाळ जंतांवर औषध म्हणून देत असत! दुसरं उदाहरण मला फार प्रिय आहे. डोलास्टॅटिन १० हे पेशीविभाजन रोखणारं जहाल द्रव्य आधी एका समुद्री गोगलगायीत मिळालं. पुढे कळलं की ते तिनं खाल्लेल्या नील-हरित जिवाणूंचं आहे. त्याच्याच धर्तीवर बनवलेलं संयुग प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडून हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावर औषध तयार झालं, २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ही किमया मला थक्क करते, म्हणूनच तर मी या विषयावर लिहितो.

राहिला तुमच्या तीन वर्षांचा प्रश्न. मायक्रोसिस्टिनचा मारा यकृतावर असतो आणि थोडं थोडं पोटात गेलं तर लगेच काही जाणवेलच असं नाही. त्यामुळे ‘काही झालं नाही’ यावरून पावडर शुद्ध होती असं ठरत नाही. अशुद्ध होती असंही नाही. घेणं थांबवा असं मी म्हणत नाही. तुमच्या डब्यावर जो बॅच क्रमांक आहे, त्याचा मायक्रोसिस्टिन तपासणीचा अहवाल उत्पादकाकडे मागा. तो मिळेपर्यंत घरातल्या लहान मुलांना आणि यकृताचा आजार असलेल्या कुणालाही ती पावडर देऊ नका.