सटीप आवृत्ती काढावी कशी?

पणजीत धंदा करायचा तर भांडवल लागते, असे तुम्हाला कोणी सांगितले? कॅसिनोला लागते, शॅकला लागते. तुम्ही कायद्याची पुस्तके काढा. लेखक सरकार, त्यामुळे मानधनाची कटकट नाही. शिवाय सरकार आपल्याच करावर चालते, म्हणजे मजकूर आपलाच झाला की!

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ म्हणते, वेगळा करार नसेल तर सरकारी साहित्याचा पहिला मालक सरकार. कलम २८ ही मालकी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकवते. १९६४ साली निघालेली सरकारी पुस्तिका १ जानेवारी २०२५ ला मोकळी होते. एवढी वाट कोण बघणार? तुम्ही सरळ कलम ५२ गाठा, तिथे सवलतींची जत्राच भरली आहे.

राजपत्रातला मजकूर उचला, चालतो. विधानसभेचा कायदा मात्र उघडावाघडा छापता येत नाही. सोबत भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर लागतो. म्हणून मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा) कायदा घ्या आणि प्रत्येक कलमाखाली लिहा, ‘हे कलम काळजीपूर्वक वाचावे.’ झाले भाष्य! मुखपृष्ठावर ‘सटीप’ हा शब्द मोठा टाका. भाटकार आणि मुंडकार दोघेही घेतील. भांडण एक, खप दुप्पट.

मराठी अनुवादालाही वाट आहे, सरकारचा स्वतःचा मराठी अनुवाद निघालेला नसेल तर. फक्त ‘हा अनुवाद सरकारने अधिकृत म्हणून स्वीकारलेला नाही’ असे ठळक जागी छापावे लागते. छापा की. नेमकी त्याच जागी किमतीची चिकटपट्टी बसली, तर तो बाइंडरचा दोष.

न्यायनिवाड्यांचे तसेच. कोर्टाने मनाई केली नसेल तर मूळ निवाडा कोणीही छापावा. पण संपादकाने डोके चालवून लिहिलेली शीर्षटिपणे (निवाड्याच्या माथ्यावरचा सारांश) त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सांगून ठेवले आहे. तरीही उचलायचीच असतील, तर त्याच्या छपाईच्या चुका तेवढ्या दुरुस्त करा. चोर बहुधा शुद्धलेखनात सापडतो.

मुखपृष्ठाला पर्यटनाच्या सरकारी पत्रकातला मिरामारचा सूर्यास्त घ्या. सूर्य काय कोणाच्या बापाचा आहे? (फोटो मात्र कोणाचा तरी असतो, पण ते पुढचे पुढे.) अशोकस्तंभाचा मोह तेवढा आवरा. त्याच्यासाठी २००५ चा वेगळाच कायदा आहे, आणि त्याची सटीप आवृत्ती तुम्ही अजून काढलेली नाही.

आता शेवटचा संस्कार. पहिल्या पानावर ‘सर्व हक्क सुरक्षित. या पुस्तकातील कोणताही भाग लेखी परवानगीशिवाय छापल्यास कारवाई होईल’ असे दटावून लिहा. सरकारने जे मोकळे सोडले, त्याला कुंपण घालणारा कोणी तरी हवाच ना?

महिनाभरात म्हापशाच्या झेरॉक्सवाल्याकडे तुमचे पुस्तक निम्म्या किमतीत मिळू लागेल. तेव्हा तडक वकील गाठा. तो पाने चाळेल, चष्मा काढेल आणि विचारील, “बाब, ह्यात तुमचे असे काय आहे?”

बेधडक बोट ठेवा: ‘हे कलम काळजीपूर्वक वाचावे.’