बालदिनाला टाळ्या कोणी वाजवायच्या?

बालदिन जवळ आला की गोव्यात आमच्या फोंड्याच्या बाजारात छोटी जाकिटं आणि कापडी गुलाब दिसायला लागतात. नोव्हेंबर उजाडला तरी आपल्याकडे दुपारी घामाच्या धारा लागतात, आणि पहिली-दुसरीतली पोरं ते अस्तरवालं जाकीट घालून हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसतात. गेल्या वर्षी मी मागे पालकांत उभी होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, मग पाहुणे. पुढच्या रांगेतला एक बारका नेहरू खिशावरच्या गुलाबाची एकेक पाकळी उपटून शेजारच्या नेहरूच्या कॉलरमध्ये सरकवत होता. दुसरे पाहुणे बोलायला उठले तोवर त्याच्या खिशावर नुसता देठ राहिला होता. बाईंचं लक्ष गेलं आणि दोन्ही नेहरू भिंतीला उभे. दिवस त्यांचाच, बरं का.

बाईंवर माझा राग नाही. कार्यक्रम करा, फोटो पाठवा, असं त्यांनाही कुणीतरी वरून सांगितलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की मुलांच्या नावाचा दिवस असेल तर त्या दिवशी मोठ्यांनी काहीतरी सोडावं. आपण उलट त्यांच्याकडूनच वसूल करतो: भाषण पाठ करा, नाच बसवा, पाहुण्यांना टाळ्या वाजवा. वर हातात चॉकलेट. (१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिनही आहे. असो.)

तुर्कस्तानात बघा. १९२० साली २३ एप्रिलला अंकाऱ्यात त्यांची राष्ट्रीय संसद पहिल्यांदा भरली. देशाच्या इतिहासातला एवढा मोठा दिवस त्यांनी मुलांना देऊन टाकला. त्या दिवशी मुलं मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसतात. नाटकच असतं, पण खुर्ची खरी असते. थायलंडमध्ये जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मुलांना पंतप्रधानांच्या खुर्चीत बसून फोटो काढता येतो, लष्कराच्या रणगाड्यावर चढता येतं. रणगाडा हे मुलांचं खेळणं आहे का, हा वेगळा वाद. आणि पंतप्रधान दर वर्षी मुलांसाठी एक घोषवाक्यही देतात, म्हणजे उपदेशाची खाज तिथेही आहेच. आपल्याकडे मात्र ग्रामसभेला मुलांना पाण्याच्या बाटल्या वाटायला उभं करतात.

मला सगळ्यात हलवून सोडतो तो पॅराग्वेचा बालदिन, १६ ऑगस्ट. १८६९ साली युद्धात मोठी माणसं संपत आली तेव्हा त्या देशाने पोरांना लढायला उभं केलं. लांबून ती मोठी दिसावीत म्हणून त्यांना खोट्या दाढ्या लावल्या होत्या, असं तिथे सांगतात. आकोस्ता न्यूच्या लढाईत ती पोरं मारली गेली. त्यांचा बालदिन नेमका त्याच तारखेला असतो. मोठ्यांनी मुलांचं काय केलं, हे दर वर्षी आठवायला लावणारा दिवस आपण ठेवला असता का? मला नाही वाटत.

संयुक्त राष्ट्रांचा बालदिन २० नोव्हेंबर. १९५९ साली बालहक्कांचा जाहीरनामा आणि १९८९ साली बालहक्कांचा करार, दोन्ही याच तारखेला मंजूर झाले. करारातलं ३१वं कलम मुलांना विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क देतं. भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला, गोव्याने तर २००३ साली स्वतःचा बाल कायदा केला. कागदावर आपण कुणाला हार जात नाही.

खेळायचा दिवस हवा असेल तर तो आपल्याकडे आधीपासून आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला, देवकीकृष्णाच्या देवळापुढे, चिखलकाला. पावसाने मैदानाचा राडा झालेला असतो, अंगाला तेल चोपडलेलं असतं, आणि पन्नाशीतला माणूस आणि सहा वर्षांचा पोर एकाच चिखलात लोळत असतात. कोण शिक्षक, कोण बँकेतला साहेब, काही कळत नाही. कपडे मळतील म्हणून ओरडणारं कुणी नसतं, कारण ओरडणाराच चिखलात असतो. यापेक्षा चांगला बालदिन मी तरी पाहिलेला नाही.

फक्त चिखलात मुलगे आणि पुरुष, आणि आमच्या पोरी कडेला आईचं बोट धरून. जपानमध्ये ५ मे हा असाच मुलग्यांचा सण होता, घरावर कापडी मासे फडकवायचा. १९४८ साली त्यांनी कायद्याने तो सगळ्या मुलांचा दिवस केला, आणि त्याच दिवशी आईचे आभार मानावेत असंही त्या कायद्यात लिहिलं. मासे अजून फडकतातच, सण बुडाला नाही. माशेलच्या चिखलात पोरी उतरल्या तर कृष्ण रागावेल, असं मला तरी वाटत नाही. गोकुळात काय फक्त मुलगेच होते?

आणि दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा! तो तर खास पोरांचा होता. वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत, घरोघर फिरून वर्गणी मागायची, कुणाच्या गोठ्यातून गवत, कुणाच्या कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) बांबू, जुने पेपर, आणि मुखवट्याच्या दातांवरून भांडणं. मोठ्यांचं काम एकच, चतुर्दशीच्या पहाटे जाळताना लक्ष ठेवायचं, मग घरी येऊन कारीट फोडायचं आणि फोव (पोहे) खायचे. आता पुढाऱ्याची बक्षिसं आली, क्रेनने उभे करायचे राक्षस आले, रात्रभर डीजे आला. पोरं दोरीच्या पलीकडे उभी राहून मोबाईलवर शूटिंग करतात. आपण त्यांच्याकडून एक अख्खी रात्र काढून घेतली आणि बदल्यात जाकीट आणि गुलाब दिला.

तुमच्या वाड्यावर अजून पोरांनीच बांधलेला, वाकड्या तोंडाचा नरकासुर जळतो का? जळत असेल तर गावाचं नाव खाली लिहा. पुढच्या चतुर्दशीला माझ्या दोघी पोरींना घेऊन आदल्या दुपारीच येते, गवत भरायला हात लागतीलच.