तिसऱ्या मजल्यावरची विहीर

नाशिकमध्ये वापरलेला फ्लॅट विकत घेणाऱ्या माणसाला सुरुवातीला असे वाटत असते की, आपण तीन खोल्या, एक गॅलरी आणि पावसाळ्यात ओल धरणारी एक भिंत विकत घेत आहोत. हा समज वकिलांच्या पहिल्या भेटीपर्यंत टिकतो. वकील भिंतीकडे पाहतच नाहीत. त्यांना इमारतीखालची जमीन हवी असते, त्या जमिनीचा गेल्या तीस वर्षांचा शोध अहवाल हवा असतो आणि त्या काळात कोण किती वारस मागे ठेवून वारले, याचा हिशेब हवा असतो. आम्ही पसंत केलेला आनंदवलीजवळचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, तरीही कागदपत्रे चाळून झाल्यावर आमच्या वकीलसाहेबांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "विहिरीचे काय?"

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात, मूळ जमीनमालकाने द्राक्षबागेतील विहिरीसाठी विविध कार्यकारी सोसायटीकडून काढलेल्या कर्जाचा बोजा जसाच्या तसा उभा होता. बाग गेली, जमीन बिनशेती झाली, इमारत उभी राहिली, तिचा रंगही उडाला. बोजा मात्र हलला नाही. कर्ज फिटले असल्याचे सगळेच सांगत होते, परंतु सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी केल्याचा फेरफार करून घ्यावा, हे कोणालाही सुचले नव्हते. फ्लॅट विकणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते. "अहो, मी इतकी वर्षे इथे राहतो, मला तर कधी विहीर दिसली नाही," असे ते अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले. त्यावर वकीलसाहेबांनी शांतपणे सांगितले, "सर, डोळ्यांना दिसणारी विहीर बुजवता येते." पुढे त्यांनी असेही सांगितले की, सातबारा हा मुळात महसुली कागद असून केवळ त्यावरील नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. मग तो इतका बारकाईने पाहायचा कशाला, असे मी विचारले. "तो नीट नसेल तर बँक कर्ज देणार नाही," हे उत्तर मिळाले, आणि त्यापुढे कायद्याचा प्रश्न उरत नाही.

विहिरीचा निकाल लागतो न लागतो, तोच आत्याबाई निघाल्या. या आत्याबाई आमच्या नव्हेत. मूळ जमीनमालकाच्या धाकट्या कन्या, म्हणजे सध्याच्या वारसांच्या आत्या. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी ही वडिलांची प्रथम वर्गातील वारस ठरली. मात्र ही बातमी अनेक गावांच्या सातबाऱ्यांपर्यंत फार सावकाश पोचली. इथे वारस नोंदीत मुली होत्या, हे कुटुंबाला शोभणारेच होते. सिन्नरला दिलेल्या आणि येवल्याला दिलेल्या दोघींनी रीतसर हक्कसोडपत्र करून दिले होते. निफाडला दिलेल्या तिसरीचे मात्र हक्कसोडपत्र कुठेच सापडेना, आणि ती हयात आहे की नाही, असल्यास भावांशी बोलते की नाही, या प्रश्नांवर माझ्या घराचे भवितव्य अवलंबून राहिले. माझ्या स्वतःच्या आत्यांची मी इतक्या आस्थेने कधी चौकशी केली नसेल. अखेर बिल्डरच्या विकसन करारनाम्यात, चतुःसीमा संपून सह्या सुरू होतात तेथे, एका संमतीदार बाईंचा अंगठा आढळला. मला आनंदाचे भरते आले. वकीलसाहेबांना आले नाही. कारण सातबाऱ्यावर बाईंचे माहेरचे नाव होते, दस्तात सासरचे होते, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे लग्नात त्यांचे पहिले नावही बदललेले होते. नवऱ्याने तांदळात अंगठीने काढलेले ते नाव, त्याच बाईंचे आहे असे प्रतिज्ञापत्र मिळवायला मी पुढे निफाडला गेलो. बाई हयात होत्या, खणखणीत होत्या, आणि भावांविषयी बोलायला त्यांना माझ्यासारखा निवांत श्रोता बऱ्याच वर्षांनी मिळाला होता.

दरम्यान साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार, झाले. भरभक्कम रक्कम मोजून आपण ज्या कागदावर सही करतो, त्याने मिळकतीत आपला कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. आणि हे वकील सही झाल्यानंतर सांगतात. वर्तमानपत्रात 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' अशी जाहीर नोटीसही दिली. तमाम जनतेपैकी फक्त एका गृहकर्ज एजंटाने आणि स्वयंपाकघरे बसवून देणाऱ्या एका गृहस्थांनी संपर्क साधला. नदी जवळ असल्याने पूररेषेचा प्रश्नही निघाला. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या अवयवाला पाणी लागले यावरून पूर मोजणाऱ्या आम्हा नाशिककरांना, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर शोधताना जरा परके वाटते. सुदैवाने आमची इमारत दोन्ही रेषांच्या बाहेर होती.

खरेदीदार केवळ महिला असल्यास निवासी मिळकतीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, असे कळताच घरात माझ्या नावाचा विषय संपला. किंमत साठ लाख होती, त्यामुळे मी साठ हजारांत बाद झालो. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या मिळकतीवर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून सरकारकडे भरायचा असतो. त्याचेही साठ हजारच होत होते. परिणामी सवलतीचे साठ हजार आम्ही सरांच्याच रकमेतून काढले, अशी सरांची काही काळ ठाम समजूत होती. नोंदणीच्या दिवशी पत्नी 'लिहून घेणार' झाली आणि मला ओळख पटवणाऱ्यांच्या रांगेत उभे करण्यात आले. ही बाई मला व्यक्तिशः परिचित आहे, असे मी शासनास अंगठा देऊन कळविले.

खरेदीखताचा मसुदा वाचताना पत्नी एका ओळीवर थबकली. तिसऱ्या मजल्यावरची ती मिळकत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह आम्हाला मिळत होती. "म्हणजे गुप्तधन सापडले तर आपले का?" तिने विचारले. वकीलसाहेब असे प्रश्न थट्टेवारी नेत नाहीत. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, असे सांगून ते पुढे म्हणाले, "शिवाय खालची जमीन तुमची कुठे आहे? अभिहस्तांतरण झालेलेच नाही." 'मोफा' या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीविषयक कायद्याच्या नियमांप्रमाणे, मुदतीबाबत वेगळा करार नसल्यास, बिल्डरने गृहनिर्माण संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून द्यायची असते. आमच्या बिल्डरचे ते चार महिने अजून चालू होते. ज्या जमिनीचा निर्वेधपणा मी निफाडपर्यंत जाऊन तपासला, ती अद्याप त्याच कुटुंबाची होती.

राहायला गेल्यावर भरलेल्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन अर्ज करून संस्थेच्या नावावर करून घेण्याचा, ठराव आला. जमिनीच्या फायलीची एवढी माहिती असलेली व्यक्ती इमारतीत प्रथमच आल्याबद्दल अध्यक्षांनी समाधान व्यक्त केले आणि सचिवपदासाठी माझे नाव सुचविले. मी सभासदच नसल्याची अडचण कोणीतरी लक्षात आणून दिली. त्यावर पत्नीला सचिव करावे आणि धावपळीची कामे तिच्या पतीने करावीत, असे सर्वानुमते ठरून ते इतिवृत्तात लिहिले गेले. जिल्हा उपनिबंधकांकडील अर्जात बिल्डरबरोबर जमीनमालकाच्या वारसांनाही प्रतिवादी करावे लागते, आणि त्यांचे पत्ते कुठून मिळवायचे यावर सभा बराच वेळ अडली होती. मी सिन्नरपासून सुरुवात केली.