"अंतर्गत बाब" म्हणणाऱ्यांनो, गोव्यात राहून तरी नको

१९ डिसेंबर, गोव्याचा मुक्तिदिन, जवळ आला की आमच्या ग्रुपवर तिरंगा, ऑपरेशन विजय, जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो सगळं सुरू होतं आणि ते व्हायलाच पाहिजे, त्यात माझं काहीच म्हणणं नाही. पण त्याच ग्रुपवर कोणीतरी सुदानची बातमी टाकली तर खाली लगेच रिप्लाय, त्यांचं ते बघून घेतील, प्रत्येक देशाची अंतर्गत बाब असते, बाहेरच्यांनी कशाला नाक खुपसायचं. पटापट अंगठे पण पडले त्यावर. अंगठे देणाऱ्यांत मुक्तिदिनाला झेंडा फडकवायला पुढे असणारेच जास्त.

अरे बाबांनो, हा युक्तिवाद पोर्तुगालच्या हुकूमशहाचा, सालाझारचा आहे!

१९५१ मध्ये पोर्तुगालने चक्क घटनाच बदलली. गोवा, अंगोला, मोझांबिक ह्यांना वसाहती म्हणायचं बंद, आता हे सगळे सागरापलीकडचे प्रांत. म्हणजे लिस्बन जसं पोर्तुगालचं तसंच आमचं पेडणे आणि सत्तरी पण पोर्तुगालचं, मग तिथे कोणाला तुरुंगात टाकलं, कोणाला हद्दपार केलं, तर जगाला विचारायचा हक्कच नाही. पुढे युनोचं सदस्यत्व मिळाल्यावर त्यांना विचारलं की तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले प्रदेश कुठले कुठले आहेत, तर उत्तर काय, एकही नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला गोवा मुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ती पण ह्यांची अंतर्गत बाबच. आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस ह्यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर संयुक्त पत्रक काढलं, त्यात गोव्याचा विषय पोर्तुगालचे "प्रांत" असाच आला. पत्रादेवीला साडेतीन महिने झाले होते फक्त. कारण साधं, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा विमानतळ होता आणि तो सोडायचा नव्हता.

म्हणजे जगाला कळत नव्हतं असं नाही. १९६० च्या डिसेंबरात युनोच्या आमसभेने ठराव करून पोर्तुगालच्या वसाहतींची यादीच दिली, त्यात गोवा नाव घालून आहे. पोर्तुगालने ती यादी मानलीच नाही. मग भारताने सैन्य घालून गोवा सोडवला ते आपल्याला पाठ आहे, फक्त एक गोष्ट आपण सांगताना गाळतो. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने युद्ध थांबवून मागे फिरावं असा ठराव आला, बाजूने ७ मतं, विरोधात ४, आणि सोव्हिएत रशियाने व्हेटो मारला म्हणून तो पडला. आज आपण व्हेटोला शिव्या घालतो ना, आमच्या कामाला तोच आला होता. रशियाला मांडवीचं प्रेम होतं अशातला भाग नाही, पाचच वर्षांपूर्वी त्यांनी हंगेरीत रणगाडे घातले होते आणि तेव्हाही स्वतःला वाचवायला हाच व्हेटो वापरला होता. तर मदत करणाऱ्याचं मन स्वच्छ आहे का हे बघत बसलो असतो तर आपण अजून पोर्तुगीज पासपोर्टच काढत असतो. (ते अजूनही काढतातच म्हणा बरेचजण, तो विषय वेगळा!)

आता खरी गंमत बघा. १९७५ च्या डिसेंबरात इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर सैन्य घातलं. तिमोर म्हणजे पोर्तुगालचीच जुनी वसाहत, एके काळी तिचा कारभार गोव्यातून चालायचा. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री किसिंजर आदल्याच दिवशी जकार्तात होते. पुढच्या वर्षी इंडोनेशियाने जाहीर केलं की हा आमचा २७ वा प्रांत, अंतर्गत बाब. सुरक्षा परिषदेने मागे फिरा म्हणून दोन ठराव केले ते फायलीत गेले, आणि चोवीस वर्षांत उपासमारीने आणि गोळीने मिळून कमीत कमी एक लाख माणसं गेली. आणि ह्या सगळ्या काळात जगभर फिरून ही अंतर्गत बाब नाही, नाही, नाही असं कोण ओरडत होतं? पोर्तुगाल! आंतरराष्ट्रीय न्यायालयात पण गेले. हसावं की रडावं कळत नाही, पण ह्या वेळी ते बरोबर होते, आणि बरोबर होते हे म्हणायला मला गोंयकार म्हणून काही कमीपणा वाटत नाही.

तिमोरचा शेवट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ३० ऑगस्ट १९९९ ला युनोने सार्वमत घेतलं, ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं आणि निकाल लागल्यावर सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी तिमोरची राजधानी "दिली" जाळायला घेतली. युनोच्या आवाराला लागून एक शाळा होती, तिथे लोक लपले होते, गोळीबार सुरू झाला तसे ते काटेरी तार लावलेल्या भिंतीवरून आत चढायला लागले, आयांनी पोरं तारेवरून पलीकडे दिली. न्यूयॉर्कहून हुकूम काय तर आपला स्टाफ बाहेर काढा. आणि तिथल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांनी सांगितलं, ह्यांना सोडून आम्ही जात नाही. दीड हजाराच्या आसपास माणसं होती आत. शेवटी त्यांना विमानाने ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला नेलं, आणि थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली फौज उतरली, कारण तोवर पैसे आणि शस्त्रं बंद करण्याचा दबाव इंडोनेशियावर आला होता. जो दबाव आला तो आधी चोवीस वर्षं आणता येत होताच की.

ह्याच्या बरोब्बर उलटं चार वर्षं आधी बोस्नियात झालं. स्रेब्रेनित्सा. युनोनेच १९९३ मध्ये ठराव करून सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलेलं गाव, पण राखायला हलकी शस्त्रं असलेले थोडेसे डच सैनिक. जुलै १९९५ मध्ये सर्ब सैन्य घुसलं तेव्हा काही हजार लोक जवळच्या पोटोचारीच्या युनो तळात शिरले आणि दोन दिवसांत त्यांना गेटबाहेर काढलं. तिथे एक बोस्नियन दुभाषा होता, युनोचं कार्ड होतं म्हणून त्याला राहता आलं, आईबाप आणि भाऊ ह्यांना बाहेर जावं लागलं आणि ते मारले गेले. त्याने पुढे डच सरकारला कोर्टात खेचलं आणि २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. आठ हजारांवर बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले त्या काही दिवसांत. झेंडा युनोचाच दोन्हीकडे, म्हणून "युनो काही कामाची नाही" एवढंच म्हणून मोकळं होणाऱ्यांचं पण मला पटत नाही, गेट उघडं ठेवायचं की नाही हे शेवटी कोणीतरी माणूस ठरवतो आणि मागे राजधानीत बसलेलं सरकार ठरवतं.

आणि कोर्टं उशिरा का होईना काम करतात. रवांडाच्या नरसंहारासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणात काम केलेला एक वकील, अबुबकर तांबादू, पुढे गांबियाचा कायदामंत्री झाला, बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावणीत जाऊन आला आणि २०१९ मध्ये एवढुशा गांबियाने रोहिंग्यांच्या नरसंहाराच्या आरोपावरून म्यानमारला हेगच्या कोर्टात उभं केलं. जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी एकमताने म्यानमारला आदेश दिला की उरलेल्या रोहिंग्यांना जपा. म्यानमार काय म्हणत होतं सांगायला पाहिजे का?

आपण? सुदानमधल्या दारफुरच्या गुन्ह्यांसाठी ज्याच्या नावाने २००९ पासून वॉरंट होतं तो सुदानचा तेव्हाचा अध्यक्ष बशीर २०१५ मध्ये दिल्लीत आला, आफ्रिका समिटला, पाहुणा म्हणून. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अटक करा म्हणून सांगितलं, आपण म्हटलं आम्ही त्या कराराचे सदस्य नाही. कायद्याने बरोबर. आरामात परत गेला.

आणि मणिपूर. हे लिहिल्यावर काही जण मला अनफ्रेंड करतील, करा. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी ह्यांच्यातला हिंसाचार सुरू झाला, अडीचशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास घराबाहेर पडली. १३ जुलैला युरोपियन पार्लमेंटने ठराव केला तेव्हा आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की ही अंतर्गत बाब आहे आणि ही वसाहतवादी मानसिकता आहे. युरोपचा ढोंगीपणा मला पण दिसतो, तो भरपूर आहे. पण सहाच दिवसांनी तो दोन बायकांची नग्न धिंड काढल्याचा व्हिडिओ बाहेर आला, घटना ४ मेची, एफआयआर होऊन दोन महिने पडलेली. व्हिडिओ आल्यावर अटका झाल्या, मग सुप्रीम कोर्टाने माजी महिला न्यायाधीशांची समिती नेमली. म्हणजे बाहेर कळेपर्यंत ती त्या बायकांची आणि पोलीस स्टेशनची अंतर्गत बाब होती.

माझं म्हणणं बाहेरच्यांनी फौजा घालाव्यात असं नाही, इराक आपण बघितलाय. पण प्रश्न विचारू देणं, पत्रकारांना आत सोडणं, कोर्टात उत्तर देणं, एवढं आपण तिमोरसाठी, रोहिंग्यांसाठी, सुदानसाठी मागत असू तर मणिपूरसाठी पण मागायला पाहिजे. ज्यांना हे देशद्रोही वाटतं त्यांनी कमेंटमध्ये एवढंच सांगा, पत्रादेवीची गोष्ट पोर्तुगालची अंतर्गत बाब होती का नव्हती.